युद्धाच्या आधीच्या न्यूजरील्स बघायच्यात? मग आधी आवाज बंद करा

आमच्या वयाच्या लोकांना न्यूजरील म्हटलं की एकच आठवतं, पिक्चर चालू व्हायच्या आधी लागणारं ते फिल्म्स डिव्हिजनचं काळंपांढरं रीळ, आणि घरातून निघायला उशीर झाला की बाबांचं ठरलेलं वाक्य, "असू दे रे, अजून न्यूजरीलच चालू असेल." म्हणजे न्यूजरील ही बघायची नाही तर चुकवायची गोष्ट होती. मी पण तसाच वाढलो, आणि आता पन्नाशी गाठल्यावर रात्री जेवणं झाली की मोबाईलवर 1936 सालच्या न्यूजरील्स बघत बसतो. बायको म्हणते याचं काय लोणचं घालणार आहेस.

गेल्या चार-पाच वर्षांत बऱ्याच जणांनी विचारलं की बाबा हे कुठे मिळतं, कसं शोधायचं, खरं किती खोटं किती. दर वेळी तेच टाइप करून कंटाळलो म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. फक्त 1930 ते 1939 बद्दल लिहितोय, म्हणजे दुसरं महायुद्ध पेटायच्या आधीची वर्षं. युद्धातल्या फिल्म्स खंडीभर आहेत आणि त्या सगळ्यांनी पाहिल्यात. आधीच्या वर्षांत मजा वेगळी आहे, पडद्यावरच्या लोकांना पुढे काय वाढून ठेवलंय ते माहीत नाही आणि आपल्याला माहीत आहे.

आधी हे नीट समजून घ्या

न्यूजरील म्हणजे डॉक्युमेंटरी नाही आणि आजच्यासारखी टीव्ही न्यूज पण नाही. आठ-दहा मिनिटांचं रीळ, आठवड्यातून दोनदा बदलायचं, थिएटरात मेन पिक्चरच्या जोडीला लागायचं. ब्रिटनमध्ये तेव्हा पाच कंपन्या होत्या, पॅथे, ब्रिटिश मूव्हीटोन, गोमाँ ब्रिटिश, पॅरामाउंट आणि युनिव्हर्सल. अमेरिकेत पण पाच, फॉक्स मूव्हीटोन, हर्स्टची न्यूजरील, पॅरामाउंट, पॅथे, युनिव्हर्सल. एका रिळात सहा-सात बातम्या, त्यात कुत्र्यांचं प्रदर्शन, पोहण्याच्या नव्या ड्रेसची फॅशन, कुठलातरी घोडा जिंकला, आणि मधेच चाळीस सेकंद हिटलर. ही खिचडी तशीच बघा. फक्त हिटलरचा तुकडा कापून बघितलात तर त्या थिएटरात बसलेल्या माणसाला तो कसा दिसत होता ते तुम्हाला कधीच कळणार नाही, कारण त्याच्यासाठी तो कुत्र्यांच्या प्रदर्शनाच्या आणि घोड्याच्या मधे होता.

दुसरी गोष्ट, आणि या सगळ्या लेखातली हीच एक गोष्ट लक्षात ठेवलीत तरी मला चालेल. न्यूजरीलमध्ये चित्र, बोलणं आणि आवाज या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक वेळा तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी तयार झाल्यात. चित्र कॅमेरामननी जागेवर घेतलं. बोलणं लंडनला किंवा न्यूयॉर्कला स्टुडिओत बसलेल्या माणसानी नंतर म्हटलं. आणि गर्दीचा गलका, टाळ्या, तोफा, बँड हे बऱ्याचदा कपाटातल्या तयार रेकॉर्डमधून आलं. कारण सोपं आहे, आवाजासकट शूटिंग करायचं तर मोठा जड कॅमेरा आणि साउंडची गाडी न्यावी लागायची, ती काय सगळीकडे जात नव्हती. धावपळीच्या ठिकाणी माणूस हातात आयमो नावाचा कॅमेरा घेऊन जायचा, घड्याळासारखी चावी द्यायची आणि शूट करायचं, मुका कॅमेरा. त्यात 100 फुटांचं रीळ बसायचं. 35 एमएमची फिल्म सेकंदाला 24 फ्रेमनी मिनिटाला 90 फूट जाते, म्हणजे 100 फूट म्हणजे एक मिनिट आणि वर सहा-सात सेकंद, की रीळ संपलं, बदला. म्हणून ते शॉट इतके तुटक असतात. उगाच स्टाईल नाही ती, रीळ पुरवून वापरायचं होतं.

कुठे शोधायचं

सगळ्यात सोपं म्हणजे ब्रिटिश पॅथेचं यूट्यूब चॅनेल. 2014 च्या एप्रिलमध्ये त्यांनी 85,000 फिल्म्स एकदम फुकट टाकल्या तिथे. पण यूट्यूबवर थांबू नका, त्यांच्या स्वतःच्या साइटवर जा, कारण तिथे प्रत्येक क्लिपखाली शॉटप्रमाणे वर्णन लिहिलेलं असतं आणि सर्च त्या वर्णनात पण होतो. शिवाय रॉयटर्सच्या ताब्यातला जुना साठा, म्हणजे गोमाँ ब्रिटिश, ब्रिटिश पॅरामाउंट वगैरे, तोही त्याच साइटवर बघायला मिळतो. मूव्हीटोनचं ब्रिटिश कलेक्शन 2015 मध्ये एपी या वृत्तसंस्थेने यूट्यूबवर आणलं. इटलीचं हवं असेल तर इस्तितुतो लूचे, मुसोलिनीच्या काळातली सरकारी फिल्म संस्था, 1924 साली सुरू झालेली, तिचा साठा पण यूट्यूबवर आहे, इटालियन येत नसलं तरी चालतं, उलट बरंच आहे, का ते पुढे सांगतो.

अमेरिकन युनिव्हर्सल न्यूजरील ही माझी सगळ्यात आवडती. 1929 पासून 1967 पर्यंत चालली आणि कंपनीने 1970 च्या दशकात सगळं घबाड अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जला देऊन टाकलं, हक्कांसकट. म्हणजे ती पब्लिक डोमेनमध्ये आहे. इंटरनेट आर्काइव्हवर भरपूर मिळते, डाउनलोड करा, कापा, तुमच्या व्हिडिओत वापरा, कोणी विचारणार नाही. पॅथेचं तसं नाही हां, तिथे बघणं फुकट आहे, वापरायचं तर लायसन घ्यावं लागतं. एका ओळखीच्याने पॅथेचा तुकडा आपल्या चॅनेलच्या व्हिडिओत टाकला, कॉपीराइट क्लेम आला आणि मग मला फोन, "अरे तू तर म्हणालास फुकट आहे." बघायला फुकट म्हणालो होतो रे.

फॉक्स मूव्हीटोनचा मोठा साठा अमेरिकेत साउथ कॅरोलिना युनिव्हर्सिटीकडे आहे आणि हर्स्टचा लॉस एंजेलिसच्या यूसीएलए युनिव्हर्सिटीकडे. साउथ कॅरोलिनाची ऑनलाइन साइट जरा संथ आहे पण तिथे न कापलेलं कच्चं फुटेज बघायला मिळतं, म्हणजे कॅमेरामन ओरडतोय, कोणीतरी परत परत तेच वाक्य म्हणतोय, असलं सगळं. एकदा ते बघितलंत की कापलेली न्यूजरील बघायची नजरच बदलते.

आपल्याकडचं शोधत असाल तर ब्रिटिश साम्राज्याच्या फिल्म्सचा कलोनियल फिल्म नावाचा एक ऑनलाइन कॅटलॉग आहे, त्यात सहा हजारांवर फिल्म्सची नोंद आहे, बघता येतात त्या दीडशेच्या आसपास, पण बऱ्याच फिल्म्सवर अभ्यासकांनी लिहिलेलं आहे ते वाचण्यासारखं आहे.

सर्चमध्ये काय टाइप करायचं

इथे नव्वद टक्के लोक अडकतात. तुम्ही आजची नावं टाकता आणि कॅटलॉग तेव्हाच्या नावांनी बनलाय. इथिओपिया टाकू नका, ॲबिसीनिया टाका. नानजिंग नाही, नानकिंग. बीजिंगला तेव्हा पेपिंग म्हणायचे. पुण्याला पूना, मुंबईला बॉम्बे हे तर माहीतच आहे, पण स्पेलिंगा पण जुन्या ट्राय करा. गडान्स्क मिळणार नाही, डान्झिग मिळेल. हिटलरच्या आधी हेर आणि मुसोलिनीच्या आधी सिन्योर लावून बघा, तेव्हा तसंच म्हणायचे, अगदी आदराने, आणि गांधीजींसाठी नुसतं मिस्टर गांधी पण टाकून बघा.

घटनेच्या नावानी सर्च करू नका, तारखेनी करा. "म्युनिक करार" हे नाव घटना झाल्यावर पडलेलं असतं, कॅमेरामनच्या डोक्यात तेव्हा फक्त "पंतप्रधान विमानतळावर परत आले" एवढंच असतं. आणि तारीख टाकताना घटनेची तारीख आणि रीळ रिलीज झाल्याची तारीख यात फरक धरा. लंडनमधली बातमी दोन-तीन दिवसांत थिएटरात. पण शांघायची? ऑगस्ट 1937 मध्ये जपानी विमानांनी शांघायच्या साउथ स्टेशनवर बॉम्ब टाकले, तिथे एच. एस. वाँग नावाच्या कॅमेरामनने प्लॅटफॉर्मवर एकटंच रडत बसलेल्या भाजलेल्या बाळाचं शूटिंग केलं, तो फोटो तुम्ही नक्की बघितला असेल. ते रीळ अमेरिकन नेव्हीच्या जहाजाने मनिलाला गेलं आणि तिथून विमानाने अमेरिकेला. लोकांनी पाहिलं ते सप्टेंबरच्या मध्यावर. त्यामुळे 28 ऑगस्ट टाकून शोधत बसलात तर हात हलवत परत याल.

अजून एक छोटी युक्ती. पॅथेच्या कॅटलॉगमध्ये काही क्लिप्सपुढे "अनयूज्ड" किंवा "अनइश्यूड" असं लिहिलेलं असतं, म्हणजे शूट झालं पण थिएटरात गेलंच नाही. त्यांना आवाज नसतो म्हणून लोक बघत नाहीत. मी तर आधी त्याच उघडतो. काय दाखवलं यापेक्षा काय दाखवलं नाही ते तिथे सापडतं.

आता बघायचं कसं

तीनदा बघा. पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद. दुसऱ्यांदा मोबाईल पालथा ठेवून नुसतं ऐका. तिसऱ्यांदा दोन्ही. वेळखाऊ वाटेल पण क्लिप दोन मिनिटांची असते, तीनदा म्हणजे सहा मिनिटं, एवढा वेळ आपण चहाची वाट बघण्यात घालवतो.

उदाहरण घेऊन सांगतो. 30 सप्टेंबर 1938, लंडनजवळचा हेस्टन विमानतळ. ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन म्युनिकहून हिटलरला भेटून परत आलेत, चेकोस्लोव्हाकियाचा सुदेतन भाग जर्मनीला देऊन टाकलाय. ही क्लिप कुठल्याही आर्काइव्हमध्ये दोन मिनिटांत सापडते. आवाज बंद करून बघा. विमान. माणूस बाहेर येतो. समोर मायक्रोफोनचं झाड. गर्दी. तो खिशातून कागद काढतो, वर धरतो, कागद वाऱ्यावर फडफडतो, मग तो कागद वाचतो. बास. नुसत्या चित्रात तुम्हाला दिसतो एक दमलेला, सत्तरीला टेकलेला, ताठ कॉलरचा माणूस, ज्याला अजून घरी जाऊन झोपायचंय.

आता नुसतं ऐका. तो सांगतो की या कागदावर हिटलरची सही आहे आणि माझी पण आहे, आणि दोन्ही देशांच्या लोकांना परत एकमेकांशी युद्ध करायचं नाही असं त्यात म्हटलंय. टाळ्या, जयजयकार. हा आवाज खरा आहे, जागेवरचा, कारण इथे साउंडचे कॅमेरे आधीच मांडून ठेवलेले होते. पण याच्या आधी आणि नंतर जो निवेदक बोलतो तो नाही. तो स्टुडिओतला. त्याचा सूर ऐका, नुसता आनंदीआनंद. आजूबाजूचं संगीत ऐका.

आणि आता सगळ्यात गंमत. या क्लिपच्या नावात किंवा खाली कमेंटमध्ये शंभरातले ऐंशी लोक लिहितात की इथे चेंबरलेन "आमच्या काळापुरती शांतता" असं म्हणाला. शोधा बघू ते वाक्य. नाही सापडणार. हेस्टनला तो ते म्हणालाच नाही. तिथून तो बकिंगहॅम पॅलेसला गेला, राजाबरोबर बाल्कनीत उभा राहिला, मग डाउनिंग स्ट्रीटला आला आणि तिथल्या खिडकीतून खाली जमलेल्या गर्दीला उद्देशून ते म्हणाला. म्हणजे कागद एका ठिकाणी आणि वाक्य दुसऱ्या ठिकाणी, पण ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं लोकांच्या डोक्यात दोन्ही एकच होऊन बसलंय. हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं तरी क्लिप बघताना मी पण ते वाक्य येईल म्हणून थांबलो होतो.

माझी फजिती

एका शाळेत मुलांना जुन्या फिल्म्स दाखवायला बोलावलं होतं. मी हिंडेनबर्गची क्लिप लावली. 6 मे 1937, अमेरिकेत न्यू जर्सीमधलं लेकहर्स्ट, जर्मनीचं ते अवाढव्य हवाई जहाज उतरताना पेटलं, आतले 97 पैकी 35 जण आणि जमिनीवरचा एक असे 36 गेले. क्लिपमध्ये निवेदक रडत ओरडतोय, मुलं एकदम गप्प. मी मोठ्या रुबाबात म्हणालो, बघा, लाइव्ह न्यूजरील अशी असायची. मागे बसलेले एक रिटायर्ड सर उठले आणि शांतपणे म्हणाले, "तो आवाज न्यूजरीलचा नाही."

घरी येऊन बघितलं, सर शंभर टक्के बरोबर. तो आवाज हर्बर्ट मॉरिसनचा, शिकागोच्या डब्ल्यूएलएस रेडिओचा माणूस, तो तिथे तबकडीवर रेकॉर्डिंग करायला गेला होता. लाइव्ह पण नव्हतं ते, रेडिओवर दुसऱ्या दिवशी लागलं. न्यूजरीलचे कॅमेरे वेगळे, त्यांचं शूटिंग मुकं, आणि नंतर कधीतरी कोणीतरी दोन्ही जोडलं, ते इतकं घट्ट बसलं की आता आवाजाशिवाय ती आग बघवत नाही. आणखी एक, आग लागली तो क्षण कुठल्याच न्यूजरीलच्या कॅमेऱ्यात नाही. सगळे कॅमेरे खाली दोर पकडणाऱ्या लोकांकडे वगैरे होते, वळेपर्यंत शेपटी पेटलेली. पूर्ण जहाज जमिनीवर यायला अर्धं मिनिट लागलं असेल नसेल. आता क्लिप मोजा. वेगवेगळ्या कंपन्यांचे शॉट जोडलेल्या क्लिपमध्ये तेच जहाज दोनदा-तीनदा कोसळतं, या बाजूनी, त्या बाजूनी, आणि बघणाऱ्याला वाटतं किती वेळ चाललं होतं हे. मोजायची सवय लावा. घड्याळ लावून.

त्या सरांना नंतर दोनदा चहाला भेटलो, बाकीचं बरंच त्यांच्याकडूनच शिकलो.

कापलेलं कसं ओळखायचं

ओळखता येत नाही, सरळ सांगतो. जे नाही ते दिसणार कसं. पण कुठे संशय घ्यायचा ते कळायला लागतं.

12 डिसेंबर 1937. चीनमध्ये नानकिंगजवळ यांगत्से नदीत पॅने नावाची अमेरिकन गनबोट उभी होती, जपानी विमानांनी ती बुडवली. आणि बोटीवर न्यूजरीलवालेच होते, युनिव्हर्सलचा नॉर्मन ॲले आणि मूव्हीटोनचा एरिक मेयेल. त्यांनी हल्ला चालू असतानाच शूट केलं. जपानचं म्हणणं पडलं की चूक झाली, अमेरिकन झेंडे दिसले नाहीत. आता ॲलेच्या फिल्ममध्ये जपानी विमानं इतक्या जवळून जाताना दिसत होती की झेंडे दिसले नाहीत हे म्हणणं लंगडं पडलं असतं. तर प्रेसिडेंट रुझवेल्टनी रिलीज करण्याआधी तो तुकडा काढायला लावला, साधारण 30 फूट. वरचा हिशोब लावा, 90 फुटांचं एक मिनिट, म्हणजे जेमतेम 20 सेकंद. वीस सेकंदांनी लोकं खवळली असती आणि युद्ध अंगावर आलं असतं अशी भीती. जपाननी माफी मागितली, बावीस लाख डॉलर भरपाई दिली, प्रकरण मिटलं. पर्ल हार्बरवरचा जपानी हल्ला चार वर्षांवर होता.

ब्रिटनमध्ये पण सगळं आलबेल नव्हतं. म्युनिकच्या आठवडाभर आधी ब्रिटिश पॅरामाउंटने सरकारच्या धोरणावर टीका करणाऱ्या दोन पत्रकारांच्या मुलाखती रिळात घातल्या. सरकारने काय केलं, डायरेक्ट बंदी नाही घातली, अमेरिकन राजदूत जोसेफ केनेडीला, हो, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडीचे वडील, त्यांना सांगितलं आणि त्यांच्या मार्फत मुलाखती काढायला लावल्या, कारण पॅरामाउंट अमेरिकन कंपनी. बाकीच्या कंपन्यांना काही सांगायची गरजच पडली नाही, ते आधीच शहाण्यासारखे वागत होते. 1936 मध्ये राजा आठवा एडवर्ड एका घटस्फोटित अमेरिकन बाईसाठी गादी सोडणार हे अमेरिकेच्या पेपरांत चवीने छापून येत होतं आणि ब्रिटिश न्यूजरीलवाले राजा अमुक कारखान्याला भेट देतोय दाखवत होते. पुढच्या वर्षी, 12 मे 1937 ला नव्या राजाच्या राज्याभिषेकाचं शूटिंग झालं तेव्हा त्याच संध्याकाळी कँटरबरीचे आर्चबिशप स्वतः बसले होते काय ठेवायचं काय कापायचं बघायला.

त्यामुळे माझी पद्धत अशी, की एका घटनेची किमान दोन देशांची रिळं बघायची. एका देशाच्या पाचही कंपन्या बघून उपयोग नाही, बऱ्याचदा शाही कार्यक्रमांना तर त्या आपापसात फुटेज वाटून घ्यायच्या, एकच चित्र पाच निवेदक. दुसऱ्या देशाचं बघा, आणि भाषा येत नसेल तर अजून छान, म्हणून म्हटलं इटालियन न येणं बरं. ॲबिसीनियावर इटलीने 1935 मध्ये हल्ला केला, त्याची लूचेची रिळं आवाज चालू ठेवून बघा, भाषा न कळता सुद्धा निवेदकाच्या छाती फुगवलेल्या सुरावरून सगळं कळतं. ट्रक, रस्ते, पूल, हसणारे सैनिक. मग 30 जून 1936 चं जिनिव्हाचं बघा, ॲबिसीनियाचा सम्राट हेले सेलासी लीग ऑफ नेशन्ससमोर, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रसंघासमोर उभा आहे, अंगानी लहानसा, काळा झगा, आणि इटालियन पत्रकार वरून शिट्ट्या मारतायत. तो थांबतो. नुसता उभा राहतो. मग बोलायला लागतो.

हाच प्रश्न जर्मनीच्या रिळांना विचारा, कॅमेरा कोणाच्या हातात होता. मार्च 1938 मध्ये हिटलर ऑस्ट्रियात शिरला तेव्हाची चित्रं बघितली की वाटतं अख्खा देश रस्त्यावर येऊन फुलं टाकत होता. बरेच लोक खरंच आले होते, ते खोटं नाही. पण जे घरात दार लावून बसले होते त्यांच्या घरात कॅमेरा गेला नाही.

आणि काही रिळांत तर सरळ नट असायचे. मार्च ऑफ टाइम नावाची अमेरिकन मालिका होती, 1935 पासून, ती घटना परत रंगवून दाखवायची, तेव्हा यात कोणाला काही वावगं पण वाटायचं नाही. 1938 मध्ये त्यांनी नाझी जर्मनीवर एक भाग केला, त्यात खरं जर्मनीत घेतलेलं फुटेज होतं आणि न्यू जर्सीतल्या होबोकेनमध्ये माणसं उभी करून घेतलेले शॉट्सही होते, सगळं शेजारी शेजारी. ओळखायचं कसं? कॅमेरा बंद खोलीत आहे, लाइट सुंदर पडलाय, कैद्याचा चेहरा मधोमध आहे, आणि कॅमेऱ्याला तिथे कोणी येऊ कसं दिलं याचं उत्तर सुचत नाही, तर समजा की नट आहे. खऱ्या शॉटमध्ये नेहमी कोणाचं तरी डोकं मधे येतं. 1934 मध्ये मार्सेयला युगोस्लाव्हियाचा राजा अलेक्झांडर आणि फ्रान्सचा मंत्री बार्तू यांच्यावर हल्ला झाला ती क्लिप बघा, मन घट्ट करून बघा कारण राजा गाडीत आडवा पडलेला दिसतो. घोडे उधळलेत, कोणाचीतरी पाठ, टोप्या, धक्काबुक्की, कॅमेरा हलतोय. खरं असं दिसतं, अर्धवट.

रंगीत आणि स्मूथ केलेल्या क्लिप्सबद्दल

लांब राहा. एआयने रंगवलेल्या, साठ फ्रेमच्या, "1930 चं बर्लिन जसं होतं तसं" असल्या क्लिप्स दिसायला भारी असतात पण त्यात मशीनने अंदाजाने घातलेले रंग आणि मधल्या फ्रेम्स असतात, झेंड्याचा रंग, कोटाचा रंग, सगळा अंदाज. वर आवाज पण घालतात, घोड्यांच्या टापांचा, ट्रामचा. बघायचंच असेल तर मूळ क्लिप शोधून आधी ती बघा. आणि माणसं तुरुतुरु पळताना दिसली तर हसू नका, मुक्या जमान्यातलं फुटेज सेकंदाला सोळा-अठरा फ्रेमनी घेतलेलं असायचं ते चोवीसने चालवलं की तसं होतं. यूट्यूबवर स्पीड 0.75 करा, माणसं माणसांसारखी चालायला लागतात.

आपली माणसं शोधायची असतील तर

पहिलं म्हणजे 1931 ची बोरसदची मुलाखत. फॉक्स मूव्हीटोनवाले साउंडचा कॅमेरा घेऊन गुजरातमधल्या बोरसदला गेले आणि गांधीजींशी बोलले. हा आवाज जागेवरचा, खरा. गांधीजी खाली बसलेत, प्रश्न विचारणारा अमेरिकन लांबलचक विचारतो आणि ते दोन-चार शब्दांत उत्तर देऊन गप्प बसतात, परत जेलमध्ये जायची तयारी आहे का, तर आहे, नेहमीच आहे. त्यांना कॅमेऱ्याचं फार कौतुक नाही हे स्पष्ट दिसतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते गोलमेज परिषदेला लंडनला गेले, तिथली आणि लँकेशायरच्या गिरणी कामगारांमधली क्लिप मिळते, ज्यांच्या पोटावर स्वदेशीने पाय आला त्याच बायका त्यांच्या भोवती हसतायत. ही आवाज बंद करूनच बघा. गोलमेजच्या क्लिप्समध्ये बाबासाहेब पण शोधता येतात, पण नावाने सर्च केलं तर कमीच हाती लागेल, तेव्हाच्या कॅटलॉगवाल्यांनी महाराजे सोडून बाकीच्यांची नावं लिहायची तसदी क्वचितच घेतली. परिषदेच्या नावाने सर्च करा आणि चेहरे बघत बसा. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक आपले खेळ दाखवायला गेलं होतं, विदर्भातल्या कोणी चिकाटीने बर्लिनची रिळं चाळली तर बघा, मी अजून त्या वाटेला गेलो नाही.

आणि न्यूजरील काय गोऱ्यांनीच केली असं वाटत असेल तर सावेदादांना विसरू नका. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, मुंबईचे, त्यांनी डिसेंबर 1901 मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले त्यांच्या स्वागताचं शूटिंग केलं. पॅथेची लंडनची न्यूजरील सुरू व्हायला तेव्हा आठ-नऊ वर्षं अवकाश होता.

सेव्ह करून ठेवा, आजच

जे आवडलं आणि पब्लिक डोमेनमध्ये आहे ते उतरवून घ्या. ही फिल्म नायट्रेटची होती, ती एकदा पेटली की पाण्याखाली पण जळत राहते, स्वतःचा ऑक्सिजन स्वतःच घेऊन येते. 7 डिसेंबर 1978 ला अमेरिकेत नॅशनल आर्काइव्ह्जच्या गोदामाला आग लागली आणि युनिव्हर्सल न्यूजरीलचं 1 कोटी 26 लाख फूट न वापरलेलं फुटेज गेलं. हिशोब केला मी, 2,300 तासांच्या वर. ज्या "अनयूज्ड" क्लिप्स मी आधी उघडा म्हणतो, त्या जातीचं सगळं ते.

उतरवताना फाईलला नाव नीट द्या. घटनेची तारीख, कंपनी, देश, आणि आवाज जागेवरचा की स्टुडिओतला, एवढं नावातच लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी फोल्डरमध्ये "हिटलर फायनल 2" नावाच्या चार फायली दिसतात आणि डोकं आउट होतं. वहीत मी अजून एक गोष्ट लिहितो, त्या क्लिपच्या आधी आणि नंतर रिळात कुठली बातमी होती, मिळाली तर. आणि जमलं तर त्याच आठवड्याचा केसरी किंवा ज्ञानप्रकाश एखाद्या जुन्या ग्रंथालयात बघा, म्युनिकच्या वेळी इकडे पुण्यात लोक काय वाचत होते ते कळतं, ती तुलना मला कुठल्याही निवेदकापेक्षा जास्त आवडते.

सुरुवात कुठून करू असं विचाराल तर हेस्टनपासूनच करा, दोन मिनिटांची आहे. आज रात्री आवाज बंद करून बघा आणि चेंबरलेनकडे नाही, त्याच्या मागे उभ्या असलेल्या लोकांकडे बघा. कोण हसतंय, कोण नाही, कागद वर गेला की कोणाची नजर कागदाकडे जाते आणि कोणाची कॅमेऱ्याकडे. मला तिसऱ्यांदा बघताना ते दिसायला लागले.